खिडकी एक झाली, टेबलांचं काय?



जिल्हाभरातल्या करसल्लागार, लेखापाल व सेवा केंद्र चालकांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी विचारणा झाली तेव्हा मी संयोजकांना म्हणालो, तीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज भरतोय. अर्जदार म्हणून सही माझी आणि तपासणारे तुम्ही सगळे, असं पहिल्यांदाच घडतंय. त्रुटी निघाल्या तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे व्यवसायाच्या सगळ्या परवान्यांसाठी एकच डिजिटल खिडकी. धोरणावर बोलण्याआधी एका पिशवीबद्दल सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात, अंगणोअंगणी मिरच्या वाळत पडल्या होत्या तेव्हा, शेजारच्या खेड्यातल्या एक ताई ऑफिसात आल्या. त्यांना घराच्या पडवीत मसाला कांडप सुरू करायचं होतं आणि कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं भरून आठवडी बाजारात विकायची होती. बचत गटाचं कर्ज मंजूर होतं, मशीनचा विसारही दिलेला होता. त्यांनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं आडनाव, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं पहिलं नावच वेगळं, कारण लग्नात ते बदललं होतं. घराच्या नमुना ८ वर वारलेल्या सासऱ्यांचं नाव होतं, तर वीजबिल दिरांच्या नावावर होतं. बाई एकच, नावं तीन. घरही एकच, पण कागदावर दोघांचं, आणि त्यातले एक स्वर्गवासी!

त्यांना काय काय लागत होतं? उद्यम नोंदणी, शॉप ॲक्टची सूचना, अन्न नोंदणी, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, थ्री फेज जोडणी, वजनकाट्याची पडताळणी, शिवाय पाकिटावर काय छापायचं त्याचे नियम. बहुतेक ठिकाणी तोच आधार, तोच फोटो, तोच जागेचा पुरावा. एका ठिकाणी पीडीएफ, दुसऱ्या ठिकाणी जेपीजी, तिसरीकडे फाइल मोठी झाली म्हणून परत. कायद्यातल्या कुठल्या कलमाने त्यांना अडवलं नाही. काम अडलं ते जागेच्या संमतीपत्रावर. दीर भिवंडीला ट्रक चालवतात. ते गावी येईपर्यंत, सही होईपर्यंत आणि आडनावांच्या फरकाचं प्रतिज्ञापत्र होईपर्यंत मृग लागला. सगळे कागद हातात आले तेव्हा मिरचीचा हंगाम उलटून गेला होता. कर्जाचा पहिला हप्ता मात्र वेळेवर सुरू झाला.

ही हकिगत १९५१ च्या उद्योग कायद्यातून जन्मलेल्या परमिट-राजची नाही. किती माल काढायचा हे दिल्लीला विचारायची पद्धत २४ जुलै १९९१ च्या धोरणाने बहुतेक उद्योगांपुरती संपवली. त्यानंतरही बरंच झालं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाची नोंदणीतून सुटका केली आणि नुसती ऑनलाइन सूचना पुरेशी ठरवली. १ जुलै २०२० पासूनची उद्यम नोंदणी मोफत आहे, स्वयंघोषणेवर होते आणि तिला एकही कागद जोडावा लागत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राची राष्ट्रीय एक खिडकी आली. राज्यात त्याच कामासाठीचा ‘मैत्री’ कक्ष होताच, २०२३ मध्ये त्याला कायद्याचं बळ मिळालं. हे सगळं मी मनापासून चांगलं मानतो. पण गुंतवणूकदारांच्या परिषदेत गाजणारी ही शेवटची दोन नावं आमच्या ताईंच्या पडवीपर्यंत पोचलेली नाहीत.

एक व्यवस्था मात्र पोचली, आणि ती कशी पोचली हे पाहण्यासारखं आहे. ३० जून २०१७ च्या मध्यरात्री जीएसटी लागू झाला आणि मुंबईचे जकात नाके बंद पडले. पहिल्या वर्षी पोर्टलने आपल्याला किती रात्री जागवलं हे या सभागृहाला सांगायला नको. तरीही व्हॅट, उत्पादन शुल्क आणि सेवाकर या तीन वेगवेगळ्या करांची तोंडं एका जागी आली. त्याचं रहस्य त्या १५ अक्षरी क्रमांकात आहे. सुरुवातीला राज्याचा २७ आणि पोटात व्यापाऱ्याचा दहा अक्षरी पॅन. माणूस कोण, हे एकदा ठरलं की पुन्हा विचारायचं नाही. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पॅन हीच सरकारी डिजिटल यंत्रणांसाठी व्यवसायाची समान ओळख करण्याची घोषणा झाली, ती याच दिशेची आहे.

परवान्यांच्या बाबतीत आपण उलटं करून बसलो आहोत. मुखपृष्ठ एक केलं आणि आतले विभाग जसेच्या तसे ठेवले. एका पानावर दहा खात्यांची चिन्हं ओळीने लावली. त्यातल्या एकावर बोट ठेवलं की नवं पान, नवा पासवर्ड, नवा ओटीपी, आणि पुन्हा ‘अर्जदाराचे संपूर्ण नाव’. ही एक खिडकी नव्हे, हा खिडक्यांचा फलक झाला. माझी कसोटी साधी आहे: जो कागद सरकारनेच दिला, तो सरकारने नागरिकाकडे परत मागू नये. नमुना ८ ग्रामपंचायतीचा. तो ताईंनी झेरॉक्स करून, स्कॅन करून दुसऱ्या सरकारी खात्याला का द्यावा? खात्याने थेट पाहावा. त्यावरचं नाव जुनं असेल तर वारस नोंदीचं काम तिथेच सुरू व्हावं.

दुसरी गोष्ट मुदतीची. मुदती कायद्यात आहेत. २०११ च्या अन्न परवाना नियमावलीत छोट्या व्यावसायिकाच्या नोंदणीसाठी शंभर रुपये शुल्क आणि सात दिवस लिहिलेले आहेत. त्या सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा पाहणीची नोटीस काढायची. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात सेवेला विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. आता हात वर करा, या कायद्याखाली तुमच्यापैकी किती जणांनी अपील केलंय? माझाही हात खालीच आहे. कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे: आज एका अशिलासाठी भांडलो, तर उद्या त्याच टेबलावर दुसऱ्या अशिलाची फाइल असते. म्हणून अपील हे अर्जदारावर सोडू नका. मुदत उलटली की अर्ज आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावा. आणि ‘प्रलंबित’ या शब्दापुढे पदनाम दिसावं: कुणाकडे, किती दिवस, कशासाठी. संगणकाला हे अवघड नाही. अवघड आहे ते अधिकाऱ्याने आपलं पदनाम पडद्यावर दिसू देणं.

इथे कुणी म्हणेल, मग परवानेच काढून टाका. मी त्यातला नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवर आग लागली आणि १४ माणसं गेली. गच्चीवरची आग परवाना ऑनलाइन होता की कागदी, हे विचारत नाही. काही परवाने हे नुसती नोंद असतात, ते आपोआप मिळावेत. काही परवाने म्हणजे दुसऱ्याच्या जिवाची हमी असते, तिथे माणसाने जाऊन जिना, दार आणि वायरिंग डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे. सामाईक व्यासपीठाचा खरा उपयोग तिथेच आहे. इमारत विभागाने काढलेली नोटीस अग्निशमन विभागाला दिसावी, आणि नोंदींच्या कामातून मोकळा झालेला अधिकारी पाहणीला वेळेवर पोचावा.

आता थोडं आपल्याविषयी, आणि हे बोलायला मला जड जातंय. या गोंधळावर आपलं घर चालतं. शॉप ॲक्टची नुसती सूचना पुरेशी असताना ग्राहक ‘लायसन्स काढून द्या’ म्हणतो, आणि आपण ‘देतो’ म्हणतो. मोफत असलेल्या उद्यम नोंदणीचे पैसे मीही घेतले आहेत. पावतीवर ‘नोंदणी खर्च’ असं लिहिलं, म्हणजे सरकारी शुल्क किती आणि माझी मजुरी किती हे गुलदस्त्यात राहिलं. खिडकी खरोखर एक झाली तर आपलं हे काम कमी होईल. होऊ द्या. हिशेब नीट लावणं, कर्जाचा प्रस्ताव लिहिणं, पाकिटाची खरी किंमत काढून देणं, ही कामं पडून आहेत. त्या ताईंना माझी गरज तिथे होती, आणि मी मात्र त्यांचा आधार पुन्हा पुन्हा अपलोड करत बसलो होतो.

या परिषदेने सरकारकडे तीन गोष्टींचा ठराव पाठवावा. एक ओळख सर्व खात्यांनी मानावी, सरकारी कागद पुन्हा मागू नये, आणि मुदत उलटलेला अर्ज स्वतःहून वर चढावा. ठराव मुंबईला पोचेल तेव्हा पोचेल. आपल्या हातातली एक गोष्ट सोमवारी सकाळी होऊ शकते. ऑफिस उघडाल तेव्हा दाराशी मराठीत, ठळक अक्षरांत एक पाटी लावा: ‘उद्यम नोंदणीला सरकारी शुल्क नाही. आमची मजुरी वेगळी, पावतीवर वेगळी.’ माझ्या ऑफिसची पाटी कालच रंगवून आली आहे.