प्रत्येक हृदयाचा वेगळा नकाशा



हृदयाच्या बिघडलेल्या तालावर उपचार करणारे आणि संगणकात हृदय उभे करणारे आज एकाच सभागृहात बसले आहेत. त्यांनी एकत्र येणे का गरजेचे आहे, एवढेच मी मांडणार आहे.

एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे कर्णिकांचा ताल विस्कटण्याचे, बरेचसे झटके फुप्फुसशिरांच्या मुखाशी सुरू होतात, हे १९९८ मध्ये बोर्दोच्या ऐसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. या शिरा विद्युतदृष्ट्या अलग करणारे अब्लेशन, म्हणजे ऊती डागण्याचा उपचार, पुढे रूढ झाले. अधूनमधून ताल बिघडणाऱ्यांना त्याचा चांगला उपयोग होतो; बिघाड टिकून राहिलेल्यांत यश कमी मिळते. अशांच्या हृदयात आणखी जागा डागून पाहिल्या तर? २०१५ च्या ‘स्टार एएफ २’ चाचणीने ५८९ रुग्णांत ते तपासले; ठरावीक जादा डागण्यांनी फायदा झाला नाही. फायब्रोसिस, म्हणजे ऊतींतला व्रणासारखा घट्टपणा, प्रत्येकाच्या हृदयात वेगळ्या जागी असतो, तेव्हा सर्वांना एकच आराखडा पुरा पडेल, ही अपेक्षाच चुकीची होती, असे माझे मत आहे.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील नतालिया ट्रायानोव्हा यांच्या गटाने एमआरआयवरून एकेका रुग्णाची कर्णिका संगणकात रचली. विद्युतलहर कुठे गरगरत राहते ते पाहून तिथे आधी संगणकातच डागले आणि नवा भोवरा उठतो का, हेही तपासले. २०१९ च्या त्यांच्या अभ्यासात दहा रुग्णांचे अब्लेशन या आराखड्यानुसार झाले. एकालाच ते पुन्हा करावे लागले. दहा रुग्णांवरून काय सिद्ध होणार, हा आक्षेप रास्त आहे. तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. आकार आणि फायब्रोसिस रुग्णाचा, पण पेशींचे विद्युतगुणधर्म मात्र सरासरीचे, हा दुसरा आक्षेपही खरा. तरीही मॉडेलची गृहीतके उघड लिहिलेली असतात, म्हणून ती तपासता आणि खोडता येतात. अनुभवी हाताच्या अंदाजाला ही सोय नाही. तिसरा मुद्दा आपल्या घरचा. संधिवाताच्या तापाने झडप अरुंद होऊन ताल बिघडलेले रुग्ण भारतात आजही पुष्कळ आहेत. त्यांच्यावर पडताळल्याशिवाय परदेशी मॉडेल इथे लागू मानता येणार नाही.

म्हणून दोन विनंत्या करतो. डॉक्टरांनी फसलेल्या अब्लेशनच्या नोंदीही अभियंत्यांना द्याव्यात, आणि अभियंत्यांनी आपले भाकीत उपचाराआधी लिहून ठेवावे.