घरातील माणसाचे मन आजारी असताना



देऊळगाव राजाच्या बालाजीला नवस बोलून, किंवा सैलानीबाबांच्या दर्ग्यावर मुक्काम करून,
जी माणसे आपल्या मनोरुग्ण आप्तासाठी झिजतात, त्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे;
परंतु औषध थांबवू नका, ही कळकळीची विनंती.

कॅनडात संख्याशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी,
पत्नीचा स्किझोफ्रेनिया वर्षानुवर्षे जवळून पाहिल्यावर,
हा विषय लपविण्याचा नसून इलाजाचा आहे हे ओळखून,
पुण्यात रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी ‘सा’ ही संस्था उभी केली;
याच आजारावरील २००४ सालच्या ‘देवराई’ चित्रपटामागेही तेच होते.

रुग्णाला होणारे भास त्याच्यापुरते खरेच असतात.
म्हणून वाद घालू नये.
चेष्टा तर मुळीच करू नये.
शांतपणे जवळ बसावे.

आणि सांभाळणाऱ्याने, बहुधा ती घरातली बाईच असते, स्वतःची झोप मोडू देऊ नये;
रात्रीची पाळी इतरांनीही घ्यावी.

सरकारची ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवा अहोरात्र आणि विनामूल्य आहे.
क्रमांक लिहून घ्या: १, ४, ४, १, ६.
पुन्हा सांगतो: १, ४, ४, १, ६.

औषध थांबवू नका, आणि संकोच न करता या क्रमांकावर बोला.