करारानंतरचे काम



उत्सवात युद्धाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण सार्वजनिक प्रश्न लोकांपुढे मांडणे ही आपल्या व्याख्यानमालेची जुनी रीत आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया या छोट्या देशात 1989 ते 2003 या काळात दोनदा यादवी युद्ध पेटले. सरकारी सैनिक असोत वा बंडखोर, दोघांनीही बायकांवर बलात्कार केले, मुली पळवल्या, लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या.

2003 साली राजधानी मन्रोव्हियात ख्रिस्ती आणि मुसलमान स्त्रिया एकत्र आल्या. लेमा बोवी या समाजसेविका त्यांच्या पुढे होत्या. पांढरे कपडे घालून या बायका मासळीबाजाराजवळच्या मैदानात ऊन-पावसात रोज बसत. मागणी एकच, युद्ध थांबवा. अखेर एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना त्यांची भेट घ्यावी लागली.

पुढे घानात वाटाघाटी सुरू झाल्या. पुढारी चर्चा लांबवत राहिले आणि इकडे माणसे मरत होती. तेव्हा जुलैत या बायकांनी सभागृहाची दारेच अडवली. पहारेकरी पकडायला आल्यावर लेमाबाई अंगावरची वस्त्रे उतरवू लागल्या. आईच्या वयाच्या स्त्रीला अशी वेळ आणणे तिथे शाप मानतात. पहारेकरी मागे हटले. 18 ऑगस्टला करार झाला. 2011 चे शांततेचे नोबेल ज्या तिघींना मिळाले, त्यांत लेमाबाई होत्या.

पण सह्या झाल्या म्हणून बलात्कार थांबले नाहीत. मी सरकारी नोकर आहे. आदेश निघणे आणि अंमल होणे यांतले अंतर रोज पाहतो. लायबेरियात हे अंतर कमी करायला आपल्या देशाचाही हात लागला. 2007 मध्ये आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील शंभराहून अधिक महिला तिथे गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यातले हे पहिले महिला पोलीस पथक. 2016 पर्यंत एकामागून एक तुकड्या जात राहिल्या. त्यांनी रात्रीची गस्त घातली, आणि तिथल्या मुलींना पोलिसात यायचा धीर आला.

आपल्याकडे युद्ध नाही, पण मार खाऊन गप्प बसणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यापैकी कोणी तक्रार द्यायला निघाली, तर ठाण्यापर्यंत आणि पुढे कोर्टाच्या प्रत्येक तारखेला तिच्यासोबत जाणारी चार माणसे आपल्या मंडळात असावीत, एवढेच मागणे आहे. नावे आजच द्यावीत.