मुलांचा दमा आणि श्वासाचे मोजमाप
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



ताप आला की आपण थर्मामीटर लावतो. अंगात रक्त कमी असल्याची शंका आली की रक्त तपासून घेतो. परंतु मूल रात्री खोकू लागले, छाती घरघरू लागली, की ‘बाळदमा आहे, मोठेपणी जाईल’ असा निवाडा आपल्या घरांतून कोणत्याही मोजमापावाचून दिला जातो. मुलीच्या बाबतीत तर ‘दमा’ हा शब्दच उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. पुढे सोयरीक जुळताना अडचण येईल, ही धास्ती! दोन्ही रीतींनी नुकसान होते ते लेकराचेच. म्हणून श्वास मोजण्याच्या शास्त्राविषयी चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१८४६ साली जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास मोजून ‘स्पायरोमीटर’ यंत्राची उपयुक्तता जगापुढे मांडली. आजही तत्त्व तेच आहे. मूल नाकास चिमटा लावून खोल श्वास घेते आणि तो नळीत जोराने, छाती रिकामी होईतो फुंकते. एकंदर किती हवा बाहेर आली आणि त्यांपैकी पहिल्या सेकंदात किती, हे यंत्र सांगते. निरोगी मुलाची सुमारे शंभरांतील नव्वद भाग हवा पहिल्या सेकंदातच निघते. दम्यात श्वासनलिका आकुंचन पावल्यामुळे ती रेंगाळते. मुलाचे आकडे त्याचे वय, उंची इत्यादींवरून अपेक्षित असलेल्या आकड्यांशी ताडून पाहतात.

एवढ्यावर निदान होत नाही. नंतर साल्ब्युटामॉलचे फवारे देऊन सुमारे पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकावयास सांगतात. पहिल्या सेकंदातील हवा बारा टक्क्यांहून अधिक वाढली, तर दम्यास पुष्टी मिळते. कारण अडथळा येणे आणि ओसरणे हेच दम्याचे लक्षण होय. तपासणीपूर्वी कोणती औषधे किती तास थांबवावीत, हे डॉक्टरांनाच विचारावे.

या परीक्षेच्या मर्यादाही ध्यानात असाव्यात. बरे वाटत असता आकडे निर्दोष येऊ शकतात. तेवढ्यावरून दमा नाही असे ठरत नाही. अशा वेळी ‘पीक फ्लो मीटर’वर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवतात आणि त्यांतील चढउतार पाहतात. पाच वर्षांखालील मुलांना सहसा नीट फुंकता येत नाही. तेथे आईने टिपलेली खोकल्याची हकीकतच डॉक्टरांच्या कामी येते. शिवाय प्रत्येक घरघर दम्याची नसते. क्षय किंवा श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणाही तिच्या मुळाशी असू शकतो. हाही तपासणीसाठी जाण्याचा एक लाभ.

पंपाची सवय लागते, ही समजूत निराधार आहे. श्वासावाटे घेतलेले औषध अल्प मात्रेत थेट फुफ्फुसांत पोहोचते. योग्य उपचार मिळालेली दम्याची बहुसंख्य मुले खेळतात, धावतात, शाळा बुडवीत नाहीत. दुर्लक्षिलेला दमा मात्र प्रसंगी प्राणही घेतो. दडवलेल्या दुखण्याने सोयरीक जुळेलही, पण श्वास मोकळा होणार नाही.

आमची एकच विनंती आहे. मंडळाच्या साहाय्यनिधीतून गरजू मुलांच्या या तपासणीस काही रक्कम मिळावी, आणि तिच्या याद्यांत मुलींची नावे मागे राहू नयेत.