चष्मा उतरलेल्या डोळ्यांचा मोतीबिंदु

तारुण्यांत लेसर किरणांनीं चष्मा घालविलेलीं माणसें आतां मोतीबिंदूच्या वयांत येऊं लागलीं आहेत. परवां असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले. “डॉक्टरसाहेब, एकदां सुटलेला चष्मा पुन्हां नाकावर चढतां कामा नये,” एवढेंच त्यांचें मागणें. मागणें रास्त, पुरविणें मात्र कठीण.

१९४९ सालीं लंडनमध्यें हॅरल्ड रिडले यांनीं मानवी डोळ्यांत पहिलें कृत्रिम भिंग बसविलें, तेव्हां त्याच्या शक्तीचा अंदाज चुकून रुग्णास जबर लघुदृष्टि आली होती. आज हें गणित पुष्कळ सुधारलें आहे; पण तें एका गृहीतावर उभें आहे. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाची वक्रता मोजणारें नेहमींचें यंत्र बाहेरचा पृष्ठभाग तेवढा पाहतें, व आंतला त्याच्या ठराविक प्रमाणांत असेल असें धरून चालतें. लेसरनें नेमकें हेंच प्रमाण बिघडविलेलें असतें! लघुदृष्टि घालविण्यासाठीं बाहेरची बाजू सपाट केली. आंतली होती तशीच राहिली. साहजिकच यंत्र पटलाची शक्ति खऱ्याहून अधिक सांगतें. शिवाय भिंग किती खोल बसेल याचा कयास जुनीं सूत्रें या वक्रतेवरूनच बांधतात, तोहि फसतो. दोन्ही चुका एकाच दिशेच्या. भिंग दुबळें निवडलें जातें, आणि रुग्ण उठतो तो दीर्घदृष्टीचा होऊन: जवळचें धड नाहीं, दूरचेंहि नाहीं.

यासाठीं बॅरेट, हायगिस इत्यादिकांनीं निराळीं सूत्रें रचलीं आहेत. दोन-तीन सूत्रें ताडून पाहावीं व किंचित् लघुदृष्टीकडे झुकणारें भिंग घ्यावें, असें माझें मत. जवळचें व दूरचें दोन्ही दाखविणारीं बहुकेंद्री भिंगें लोकांस फार भुरळ घालतात. परंतु तीं प्रकाशाची वांटणी करतात, आणि लेसर झालेलें पटल प्रतिमा आधींच थोडी विस्कटवितें. रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसूं लागलीं कीं रुग्ण हळहळतो. अमेरिकेंत २०१७ सालीं मान्यता मिळालेलें एक भिंग बसविल्यानंतर अतिनील किरणांनीं जुळवून घेतां येतें. पण तें महाग.

आमच्या गृहस्थांनीं लेसरपूर्वींचे कागद केव्हांच रद्दींत घातले होते. त्यांच्या पत्नीनें मात्र जुना चष्मा कपाटांत जपून ठेवलेला निघाला! त्याचा नंबर उणे सात भरला, आणि आमच्या गणितास मोठाच आधार मिळाला. एककेंद्री भिंग पुढील आठवड्यांत बसवावयाचें आहे. वाचतांना चष्मा लागेल, ही अट त्यांनीं थोड्या कुरकुरीनंतर मान्य केली आहे.