१८९१ चं पान कुणी गाळलं?

मंडळी, अध्यक्षानं गोड बोलावं, सर्वांचे आभार मानावेत आणि चहाची वेळ टळू देऊ नये, असा संमेलनांचा रिवाज आहे. आभार मानून झाले. आता भांडण.

भांडण पंडिता रमाबाईंवरून आहे. महाराष्ट्रात त्यांच्या नावाचे दोन तट पडलेत. एका तटाला सुधारक रमाबाई हव्या असतात: आर्य महिला समाज, शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढची साक्ष, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’, शारदा सदन. श्रद्धेचा विषय निघाला की ही मंडळी घड्याळाकडे बघू लागतात. दुसरा तट आपला, ख्रिस्ती लोकांचा. आपण २९ सप्टेंबर १८८३ ही इंग्लंडातल्या वाँटेजच्या बाप्तिस्म्याची तारीख तोंडपाठ म्हणतो आणि गोष्ट संपली असं समजून खाली बसतो. आपापसांत कधी न पटणाऱ्या या दोघांनी मिळून १८९१ सालचं पान मात्र बिनबोभाट गाळलंय.

१९०७ साली केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून निघालेली आपली साक्ष खुद्द बाईंनीच लिहिली आहे. त्यात त्यांनी स्वच्छ कबूल केलंय की बाप्तिस्मा घेतल्यावर आठ वर्षं, म्हणजे १८९१ पर्यंत, त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. सभासदपत्र होतं, उपासना होती, कामाचा तर डोंगर होता. विसावा तेवढा नव्हता. हे वाक्य आपल्या किती व्यासपीठांवरून ऐकू आलं, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

या बाईंना खटाटोप म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. सारं कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जायचं, देवळात पुराण सांगायचं. श्रोते तांदूळ, फळं, पैसे ठेवत. पोटापुरतं ठेवून उरलेलं पुण्यासाठी दान व्हायचं. दुष्काळ आला, साठवलेलं सरलं, तरी व्रतं आणि उपवास चालूच राहिले. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं, श्रीनिवास आणि रमा, चालतच राहिली ती थेट काश्मीरपर्यंत. पंजाबात झेलमच्या काठी थंडीनं जीव जायची पाळी आली, तेव्हा दोघांनी वाळवंटात कबरीसारखे दोन खड्डे खणले, त्यात उतरले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. पांघरूण म्हणून.

यात टिंगल करण्यासारखं काही नाही. इतक्या निष्ठेनं आपल्यातलं कुणी रविवारच्या उपासनेलासुद्धा येत नाही. पण ही निष्ठा फळली नाही, हेही बाईंनीच लिहून ठेवलंय, आणि नंतर ख्रिस्ती झाल्यावर तोच हिशेब नव्या वहीत चालू राहिला. ग्रीक-हिब्रूची आवड, वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी सिद्धांतांवरून झडलेले वाद, चेल्टनहॅमचं कॉलेज, अमेरिकेचा दौरा, १८८९ मध्ये मुंबईला विधवांसाठी शारदा सदन. वरून पाहणाऱ्याला वाटावं, हिच्याइतकी भरून पावलेली बाई नाही.

मग हातात पडलं ते विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’. हा कॉर्नवॉलमधल्या बाल्ढूचा कष्टाळू, नेमस्त पाद्री. १८५१ मध्ये आपल्याच उपदेशपीठावर उभा राहून उपदेश करताना त्याला कळलं की आपण जे सांगतोय ते आपल्यालाच मिळालेलं नाही. आणि तिथंच त्याचं मन पालटलं. समोर बसलेल्यांतला एकजण ओरडून उठला, पाद्रीबुवांचंच परिवर्तन झालं म्हणून. रमाबाईंना या पुस्तकात आपलाच चेहरा दिसला. तारण कमवायचं नसतं, दिलेलं घ्यायचं असतं, हे इतक्या विद्वान बाईला इतक्या उशिरा उमगलं. विद्वत्तेमुळेच उशीर झाला असं या खुर्चीचं मत आहे. ते वादग्रस्त आहे, आणि वाद व्हावा म्हणूनच ते मांडलं आहे.

आता पहिल्या तटाला विचारतो. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढल्याच्या आरोपाचं १८९३ चं शारदा सदन प्रकरण तुम्ही चवीनं शिकवता: ‘केसरी’ची टीका, रानडे-भांडारकरांचे राजीनामे, मुली काढून नेणारे पालक. या बाई सक्ती करत नव्हत्या; आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. पण चार वर्षांपूर्वी सदनात धार्मिक तटस्थतेचा करार पाळणारी बाई अचानक दार का लावेना? १८९१ वगळलं तर याला उत्तर नाही. उत्तर नसलं की ‘मिशनरी कावा’ हे तयार उत्तर चिकटवता येतं.

दुसरा नेहमीचा आक्षेप असा की कृपेवर विसंबलं की माणूस आळशी होतो. केडगावला जाऊन बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकड्यांनी मुली आणल्या त्या याच बाईंनी, विसावा मिळाल्यावर. १९०० पर्यंत मुक्तीत दीड हजारांवर माणसं, शेती, गुरं, विणकाम, छापखाना, अंधांसाठी ब्रेल. मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर, आणि खिळे जुळवायला आश्रमातल्याच बायका. थकल्याभागल्यांना बोलावणारं ते प्रसिद्ध वचन मत्तयाच्या अकराव्या अध्यायात आहे. त्याच्या लगतच्या ओळीत जू आहे. आपण वचन भिंतीवर लावतो आणि जू कापून टाकतो.

कुणी म्हणेल, मराठी संतांना कृपा काय ठाऊक नव्हती? होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक स्वतःच सांगत. त्याच टिळकांना १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारावासा वाटला, तो परधर्मीयांच्या जाचामुळे नव्हे, आपल्यामुळे. आपण कृपेचंही दप्तर करून टाकलं: हजेरी, वर्गणी, लेंटमधले उपवास, दाखले, समितीवरची नावं. यांतलं काहीच वाईट नाही. मात्र यांच्या बळावर देवाकडे थकबाकी मागणारा माणूस झेलमच्या काठी खड्डा खणणाऱ्या पोरांपेक्षा पुढं गेलेला नाही. त्याचं पांघरूण तेवढं उबदार आहे.

दुपारच्या सत्रात रमाबाईंवर निबंध वाचला जाणार आहे. त्यात १८८३ वरून थेट १८९३ वर उडी दिसली, तर निबंधवाचकाला या खुर्चीवरून तिथल्या तिथं थांबवलं जाईल. कार्यवाहांनी याची नोंद घ्यावी.