गोळी एकदम बंद करू नका

माण-खटाव असो की जत-आटपाडी, बचत गटाच्या बैठकीत सांधेदुखीच्या, दम्याच्या गोळ्यांचा विषय निघतोच. "तोंड सुजायला लागलं, म्हणून मी गोळीच बंद केली," असं एखादी सांगते. आज त्याच गोळीबद्दल, म्हणजे स्टेरॉइडबद्दल बोलू या.

औषध वाईट नाही. १९४८ साली अमेरिकेत संधिवातानं जखडलेल्या एका बाईला ते दिलं आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. त्या शोधाला १९५० साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा हुकूम आला की ती कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बनवते. ताप, अपघात, ऑपरेशन अशा वेळी तेच आपल्याला सावरतं. पण बाहेरून रोज स्टेरॉइड मिळायला लागलं की हुकूम थांबतो. कालव्याला पाणी असताना विहिरीची मोटर कोण लावतं? आणि फार दिवस पडून राहिली की मोटर जाम होते. ग्रंथीचंही तसंच. कॉर्टिसॉल घटतं, त्याच ग्रंथीतलं डीएचईए नावाचं संप्रेरकही घटतं. मीठ-पाण्याचा तोल राखणारं अल्डोस्टेरॉन मात्र बरंचसं टिकतं, कारण त्याला हुकूम मुख्यतः मूत्रपिंडाकडून येतो.

तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलेली गोळी एकदम सोडली, तर कालवा बंद आणि मोटरही बंद. थकवा, चक्कर, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. जिवावरही बेतू शकतं. म्हणून डॉक्टर गोळी हळूहळू कमी करतात. ग्रंथी पूर्ववत व्हायला काही महिनेही लागतात.

सांधेदुखीवरच्या बिनलेबलच्या काही पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्या घेऊच नका. बरेच दिवस घेत असाल, तर पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सगळं सांगा. ऑपरेशनआधी, तापात, बाळंतपणातही "मी स्टेरॉइड घेते" हे सांगायला विसरू नका. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर घरी थांबू नका. लगेच दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

पुढच्या बैठकीला घरातल्या गोळ्यांची पाकिटं आणा. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही नावं आपण मिळून शोधू. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना शेजारची वाचून दाखवेल. गट त्यासाठीच तर आहे.